आईच्या मापाच्या वहीत

आई गेली त्याला आता दीड वर्ष होईल आणि एवढ्या दिवसांत तिच्याबद्दलचं एकही वाक्य मला धड पूर्ण करता आलेलं नाहीये. म्हणजे सुरुवात होते, "माझी आई खूप..." आणि गाडी तिथेच अडते. कष्टाळू होती, खरंय. कडक होती, तेही खरं. चांगली होती असं म्हणायला गेलं की आतून बारा वर्षांची मी चिमटा काढते, आणि वाईट होती म्हणायला जीभ रेटत नाही. लोक भेटायला यायचे तेव्हा प्रत्येकजण म्हणायचा, आईची जागा कोणी घेऊ शकत नाही गं. मी मान हलवायचे. मनात यायचं की जागा कुठली पण? आमच्यात होतं ते एक अंतर होतं, ते आता रिकामं झालंय की भरलंय हेच मला कळत नव्हतं.

आई घरी शिवणकाम करायची. लोकांचे कपडे शिवायची. माझ्या लहानपणाला पाठीमागून सतत मशीनचा आवाज आहे, अगदी स्वप्नातसुद्धा. मला तिने शिवण शिकवलं म्हणजे काय, तर मी टीप मारायची, ती बघायची, काही न बोलता हातात ब्लेड द्यायची. उसव. मी उसवायचे. परत घालायचे. परत उसव. एकदा एका उशीच्या अभ्र्याची एकच बाजू मी पाच वेळा उसवली होती, शेवटी कापडालाच भोकं पडली, तेव्हा म्हणाली, आता कापड वाया गेलं. कौतुक हा प्रकार तिच्या डब्यातच नव्हता. डब्यात बटणं होती, हूक होते, रिळं होती.

मी एकवीस वर्षांची असताना आमचं बिनसलं आणि ते ज्यावरून बिनसलं ते सांगताना आजही लाज वाटते, इतकं लहान होतं. कॉलेजच्या शेवटच्या कार्यक्रमासाठी तिने मला ड्रेस शिवला होता, रात्री जागून, आणि मी आयत्या वेळी मैत्रिणीसोबत घेतलेला तयार ड्रेस घालून गेले. ती काहीच बोलली नाही. सकाळी उठून बघते तर माझ्या टेबलावर त्या ड्रेसचे तुकडे. कापलेले नव्हते, उसवलेले. पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाह्या, गळ्याची पट्टी, सगळं इस्त्री करून घडी घालून, एकावर एक. रात्रभर बसून तिने प्रत्येक टाका काढला होता. पुढे ते कापड कोणाकोणाच्या कपड्यांना अस्तर म्हणून गेलं.

त्यानंतर तिने माझं माप कधी घेतलं नाही आणि मीही कधी म्हटलं नाही की घे. त्याच वर्षी मी घर सोडलं. मग पंधरा वर्षं फोन. "जेवलीस का", "हो", "बरं", "ठेवते". भांडण म्हणावं तर भांडणही नाही. भांडण असतं तर ते मिटवता तरी आलं असतं.

तर ती गेल्यावर आधी मी लिहून बघितलं. कुठेतरी वाचलं होतं की जेम्स पेनबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये एक प्रयोग छापला होता, कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सगळ्यात त्रासदायक अनुभवावर लिहायला लावलं, लिहिल्या लिहिल्या त्यांना वाईटच वाटलं पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. म्हटलं पंधरा मिनिटं काय, करून बघू. पहिल्या दिवशी लिहिलं ते वाचलं तर कोर्टातला तक्रार अर्ज वाटत होता. दुसऱ्या दिवशीचं वाचलं तर श्रद्धांजली. एक खोटं आणि दुसरं त्याहून खोटं. तिसऱ्या दिवशी वही मिटली. पद्धत वाईट नसेल, पण शब्द हा मुळात आमचा दोघींचा प्रांतच नव्हता ना. आम्ही जे काही बोललो ते कापडातून.

मग एका मैत्रिणीने ओढून एका वर्कशॉपला नेलं, सायनोटाइपच्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही फोटो छापायची खूप जुनी पद्धत, जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1842 मध्ये शोधलेली. दोन केमिकल्स, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड, पाण्यात वेगवेगळी विरघळवायची, मग सारखी घेऊन एकत्र करायची, मंद उजेडात कागदावर किंवा सुती कापडावर ब्रशने लावायची आणि अंधारात वाळवायची. वर एखादी वस्तू ठेवायची, काच दाबायची आणि उन्हात न्यायचं. ऊन लागेल तिथे आतल्या लोहाची रासायनिक अवस्था बदलते, मग साध्या पाण्यात धुतलं की तिथे गडद निळा रंग उरतो आणि वस्तूने जिथे ऊन अडवलं तिथे पांढरं. कॅमेरा नाही, लेन्स नाही. सावली थेट कागदावर बसते. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1843 मध्ये, अॅना अॅटकिन्स या बाईने याच पद्धतीने समुद्रातल्या शेवाळांच्या प्रिंट काढून त्यांचं पुस्तक करायला घेतलं. तिच्याबद्दल वाचताना एक ओळ डोळ्यात राहिली, की ती तान्ही असतानाच तिची आई गेली होती आणि वडिलांनी तिला वाढवलं. याचा शेवाळांशी काही संबंध आहे असं मी म्हणत नाहीये. फक्त राहिली ती ओळ.

वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी पानं, फुलं, पिसं आणली होती. मी घरी आल्यावर आईचं कपाट उघडलं.

कपाटात खालच्या कप्प्यात माझा एक फ्रॉक सापडला, पाच सहा वर्षांची असतानाचा असेल, पातळ सुती, रंग उडून जवळजवळ पांढरा झालेला. तिने तो ठेवला होता हेच मला नवीन. त्याला ठेवायचं म्हणून ठेवलं होतं की चिंधी म्हणून, हे सांगायला कोणी नाही, आणि खरं सांगते, मला पहिल्यांदा चिंधी असंच वाटलं. मी तो केमिकल लावलेल्या मोठ्या कागदावर पसरला, काच ठेवली, चांगलं वीस मिनिटं ऊन दिलं (एकेरी कापडातून थोडा उजेड झिरपतो, तो पुरेसा मिळायला जास्त वेळ लागतो) आणि बादलीत धुवायला घेतलं.

आधी पिवळट हिरवं पाणी निघून जातं. मग निळं वर येतं, हळूहळू, आणि वाळत जाईल तसं अजून गडद होतं. फ्रॉकचा आकार फिकट निळा आला, धुक्यासारखा. आणि त्याच्या आत, दोन्ही कुशींना, खांद्यांवर, खालच्या घेराला, पांढरे स्वच्छ पट्टे. दोन बोटं रुंद. मला कळेना हे काय आलंय, फ्रॉक तर बाहेरून साधा होता. मग तो उलटा करून बघितला.

माया होती ती.

ज्यांनी शिवण केलंय त्यांना सांगायला नको. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. पुढे कपडा घट्ट झाला की शिवण उसवायची आणि आतली माया सोडायची, कपडा मोठा होतो. साधारण अर्धा पाऊण इंच ठेवतात. या फ्रॉकला तिने दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दीड इंच ठेवली होती, खालची पट्टी तर चार बोटं दुमडलेली. तिथे कापड दुहेरी तिहेरी, म्हणून उजेड गेला नाही, म्हणून पांढरं. नीट बघितलं तर जुन्या टिपेच्या भोकांच्या दोन रांगाही दिसत होत्या, म्हणजे दोनदा सोडून झाली होती आणि तरी एवढी शिल्लक होती.

आता मला माहितीये की हे फार जुळवून आणल्यासारखं वाटतंय. एक शब्द, दोन अर्थ, आणि मुलगी रडते. मीही त्या बादलीपाशी बसून हेच म्हणाले की बाई, एवढं सोपं करू नकोस. आईला विचारलं असतं तर म्हणाली असती, कापड काय फुकट मिळतं? ती गिऱ्हाइकांच्या कपड्यांतही भरपूर माया ठेवायची, ती तिची पद्धतच होती, काटकसर होती. मावशीला प्रिंट दाखवली तर ती लगेच, "बघ, किती माया होती तिची तुझ्यावर!" आणि मला इतका राग आला की मी प्रिंट गुंडाळूनच ठेवली. दीड इंच कापडाच्या बदल्यात मी पंधरा वर्षं माफ करायची का? नाही. पण ते कापड तिथे नव्हतं असंही मला आता म्हणता येत नाही. ते छापून आलंय.

तिथून सुरू झालं. मी तिच्या कपाटातली एकेक वस्तू छापायला लागले. चष्मा, मोजपट्टी, बॉबिन, ब्लेडचं पातं, बटणं ओतून, तिचा एक ब्लाऊज ज्याची माया तिने स्वतःच्या आजारपणात सोडायच्या ऐवजी उलट आत घेतली होती. कात्रीची प्रिंट सगळ्यात सुंदर आलीय. पोलादातून उजेड जातच नाही, त्यामुळे काठ असा धारदार आलाय की बोट लावायची भीती वाटावी. आई स्वभावाने त्या कात्रीसारखीच होती असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो पण नाही, कात्री ती कधी कोणाला हात लावू द्यायची नाही एवढंच लिहिते.

चुकाही भरपूर केल्या. एक कापडावरची प्रिंट कपड्यांच्या पावडरने धुतली आणि निळा रंग डोळ्यांदेखत पिवळट होऊन गेला, कारण सोड्यासारखी अल्कधर्मी गोष्ट लागली की हा रंग मरतो. एक कापड सिंथेटिक निघालं, त्याने रंग धरलाच नाही. पण या कामात जिवाला एक बरं वाटायचं ते म्हणजे पंधरा वीस मिनिटं नुसतं उन्हात बसून राहायचं. काही करता येत नाही, घाई करता येत नाही, उठून गेलात तर जास्त होतं. तिच्या वस्तूसमोर एवढा वेळ शांत मी तिच्या हयातीत बसले नव्हते.

मध्ये दादाशी वाजलं. त्याचं म्हणणं, आईच्या वस्तू अशा लोकांना दाखवायच्या नसतात, तिला आवडलं नसतं. बरोबर आहे त्याचं. नसतंच आवडलं. दादाची आई वेगळी होती हो, हे पण मला उशिरा कळलं, एकाच घरात आम्हाला दोन वेगवेगळ्या बायका मिळाल्या होत्या. त्याला जवळ घेणारी मिळाली. तर तो ज्या आईचं दुःख करतोय तिला मी ओळखतच नाही आणि माझ्यावाली त्याला खोटी वाटते.

तेव्हा मी शोधायला लागले की बाकीच्या मुलींनी काय केलं असेल. सोफी काल या फ्रेंच कलाकार बाईने 2006 मध्ये आई शेवटच्या आजारात असताना पलंगाच्या पायथ्याशी कॅमेरा लावला होता, आपण खोलीत नसताना ती जाईल, तिचे शेवटचे शब्द हुकतील, या भीतीने. आणि तिने लिहून ठेवलंय की कॅमेरा बघून आई म्हणाली, "अखेर!" म्हणजे एकदाचं माझ्याकडे लक्ष गेलं तुझं. मला हेवा वाटला. नंतर त्या रेकॉर्डिंगमध्ये आई नेमकी कुठल्या क्षणी गेली ते सांगताच येत नाही, इतकं ते हलकं होतं. माझी आई कॅमेरा बघून म्हणाली असती, तो पसारा उचल आधी.

सगळ्यात जवळची वाटली ती इशिउची मियाको, जपानी फोटोग्राफर. तिचं आईशी सहज कधी जमलं नव्हतं. आई 2000 साली गेली आणि मग ती आईच्या मागे राहिलेल्या वस्तूंचे फोटो काढायला लागली, वापरून अर्धी झालेली लिपस्टिक, कवळी, केस अडकलेला ब्रश, आतले कपडे उजेडासमोर टांगून, असे की कापडातून आरपार दिसावं. 2005 मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात जपानच्या दालनात ते फोटो लागले. त्यातली एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती, की इशिउची मियाको हे तिने कलाकार म्हणून घेतलेलं नाव म्हणजे तिच्या आईचंच लग्नाआधीचं नाव. जिच्याशी पटत नाही तिचं नाव अंगावर घालून ही बाई वर्षानुवर्षं काम करत होती. कसं समजावं हे? मी तर आईसारखं हस्ताक्षर येतंय म्हणून कॉलेजात मुद्दाम अक्षर बदललं होतं.

आणि अर्थात लुईझ बुर्ज्वा, फ्रान्समध्ये जन्मलेली शिल्पकार. तिची आई जुने विणलेले भिंतपट दुरुस्त करायची, घरचा तोच धंदा. 1932 मध्ये आई गेली तेव्हा लुईझ वीस वर्षांची होती, गणित शिकत होती, ते सोडून ती चित्रकलेकडे वळली. आणि 1999 मध्ये, म्हणजे सत्तरीही कधीच ओलांडून झाल्यावर, तिने आईसाठी कोळ्याचं शिल्प केलं, नऊ मीटरहून उंच, नाव 'मामाँ', म्हणजे फ्रेंचमध्ये आई. मी प्रत्यक्ष बघितलेलं नाही, फोटोच. सगळे म्हणतात की कोळी म्हणजे विणणारी, जाळं तुटलं की परत सांधणारी, सांभाळणारी आई. असेल. मला फोटोत त्याच्या पायांमधून चालणारी इवली इवली माणसं दिसली आणि वाटलं, बरोबर, शिलाई मशीनच्या खाली बसून वर बघितलं की आई एवढीच दिसायची.

एका गोष्टीने मात्र मोकळं वाटलं. शोकाच्या पाच पायऱ्या म्हणतात ना, नकार, राग वगैरे करत शेवटी स्वीकार, मी स्वतःला त्या शिडीवर शोधत होते आणि सापडत नव्हते. मग कळलं की एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईने 1969 मध्ये त्या मांडल्या त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हेच. पुढे 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या तिघा अभ्यासकांनी उलटंच मांडलं, की गेलेल्या माणसाशी नातं तोडून पुढे जायचं असतं असं नाही, नातं चालूच राहतं, फक्त त्याचं रूप बदलतं. हे वाचून लोकांना गोड वाटतं. मला वाटलं, अरे देवा, म्हणजे आमचं "जेवलीस का, बरं, ठेवते" पण चालूच राहणार का? तर हो, राहतं. मी अजूनही वाकडी टीप दिसली की मागे वळून बघते.

पहिली फ्रॉकची प्रिंट मी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावली होती. चार महिन्यांत निळा इतका फिका झाला की माया आणि बाकीचा फ्रॉक सगळं एकच दिसायला लागलं. काढली आणि वैतागून तिच्याच कपाटात टाकली. नंतर मैत्रीण म्हणाली, अगं अंधारात ठेव, येतो परत. सायनोटाइपचा हा गुण आहे म्हणे, उजेडाने फिका पडलेला निळा अंधारात हवा लागत राहिली की बऱ्याच अंशी परत भरतो. मला पटलं नव्हतं. महिन्याने कपाट उघडलं, पट्टे परत दिसत होते. सगळा रंग नाही आला. पण पट्टे दिसत होते.

ती प्रिंट काढायला गेले तेव्हाच हाताला तिची मापाची वही लागली. इतके दिवस मी ती बघूनही उघडली नव्हती, गिऱ्हाइकांची मापं असणार म्हणून. होतीच. पण मधूनमधून माझं नाव, तारखेसकट. उंची, छाती, कंबर, खांदा, बाही, मुंढा. चार वर्षांची असल्यापासून. कुठे "बाही थोडी लांब ठेवणे", कुठे "खांदा उतरता, डावा जास्त". माझ्याबद्दल तिने लिहिलेलं जगात एवढंच. पानं उलटत मी एकविसाव्या वर्षापर्यंत आले, तो ड्रेस, त्याचं माप, त्यावर काट मारलेली नाही, काही नाही. पुढे नुसती गिऱ्हाइकं. वही संपत आली.

शेवटून तिसऱ्या पानावर परत माझं नाव. तारीख तीन वर्षांपूर्वीची. दादाकडे एका कार्यक्रमाला आम्ही दोघी होतो त्याच्या दुसऱ्या दिवशीची. त्या दिवशी आम्ही मोजून चार वाक्यं बोललो असू, ती खोलीच्या त्या टोकाला बसली होती, मी या टोकाला. सगळी मापं ओळीने लिहिलेली, नेहमीसारखी, आणि वर कोपऱ्यात एकच शब्द.

अंदाजे.

त्या मापाचा कपडा तिने शिवला नाही. कपाट सगळं धुंडाळलं, नाहीये. कापडही नाही. का लिहिलं, कशासाठी लिहिलं, माहीत नाही आणि आता हा प्रश्न कोणाला विचारायचा तेही माहीत नाही.

गेल्या महिन्यात मी पांढरं सुती कापड आणलं आणि त्या मापाने कापलं. एकही आकडा न बदलता. शिवून झाला की उसवणार आहे, सगळे तुकडे सुटे करून, केमिकल लावून, तिची वही वर ठेवून उन्हात. असा विचार तरी आहे. परवा अर्धवट शिवलेलाच अंगावर घालून बघितला. कंबर होत नाही, कंबर तिने दहा वर्षांपूर्वीची धरली असावी. छाती घट्ट. खांदा मात्र बसला. डावा उतार आहे तेवढाच सोडलाय, रेसभर इकडे तिकडे नाही.

डाव्या मुंढ्याला बाही लावताना टीप दोनदा वाकडी गेली. दोनदा उसवली. आज तिसऱ्यांदा बसणार आहे.